परदेशी सेवेला निघण्याआधी घराची तयारी

एका ताईंनी विचारलं आहे: मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची टीम चार महिन्यांनी दोन आठवड्यांसाठी परदेशातल्या एका मंडळीकडे सेवेला जाणार आहे. पाळक साहेबांनी विचारलं आणि ताईंनी होकार दिला. घरात नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाई आहेत. नवराबायको दोघंही नोकरी करतात. "तयारीला वेळ कुठून काढू, सुरुवात कशापासून करू, आणि इतक्या लहान मुलांना सोडून जाणं बरोबर आहे का?"

ताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचा निकाल लागल्याशिवाय पहिल्या दोघांना अर्थ नाही. मुलं लहान आहेत एवढ्यावरून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण घरातली मोठी माणसं मनापासून तयार नसतील तर मात्र या वर्षी थांबा, असं स्पष्ट सांगेन. अशा टीमांची तयारी करून घेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बॅग, तिकीट, गाणी, साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) या सगळ्याची लगबग पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि घराचा विचार शेवटच्या आठवड्यावर जातो. मग माणूस तिकडे पोचतं, पण जीव इकडेच अडकलेला असतो. तिकडच्या मंडळीला अर्धंच माणूस मिळतं आणि घराला तर कोणीच मिळत नाही. तुमच्यासारख्या संसारी माणसासाठी घराची व्यवस्था लावणं हाच सेवेचा पहिला भाग आहे. तो नीट झाला की बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

तेव्हा आज संध्याकाळी यजमानांशी बोला. "मी जाऊ का?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला लोक प्रेमापोटी किंवा पाळक साहेबांच्या भिडेपोटी "हो, जा ना" म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी विचारा, "मी नसताना त्या दोन आठवड्यांत तुम्हाला सगळ्यात जड काय जाईल?" या प्रश्नाचं जे उत्तर मिळेल ते खरं असेल. कदाचित ते म्हणतील की सकाळची शाळेची घाई. कदाचित म्हणतील की आईला रात्री काही झालं तर काय. कदाचित पैशांचं बोलतील. उत्तर आलं की लगेच तोडगा सुचवू नका, ते लिहून ठेवा. दोन दिवसांनी सासूबाईंना हाच प्रश्न वेगळा विचारा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेवटी कळवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे आणि ती दुखावते. त्यांच्या भरवशावर घर सोडणार असू, तर त्यांचं मत आधी घेतलंच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, देवाचं पाचारण असेल तर घरच्यांच्या होकाराची वाट कशाला बघायची? मला इथे इंग्रज मिशनरी विल्यम केरीच्या घराची आठवण येते. मराठी माणसाला केरी माहीत असतो तो १८०५ साली छापलेल्या मराठी व्याकरणामुळे. बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यानं जे काम केलं त्याचं ऋण मोठंच आहे. पण १७९३ साली तो इंग्लंडहून निघाला तेव्हा त्याची बायको डोरोथी यायला तयार नव्हती. ती गरोदर होती, पदरी लहान मुलं होती. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघालासुद्धा. जहाजाचा प्रवास लांबला, तेवढ्या अवधीत तिला पुन्हा गळ घालण्यात आली, आणि बहीण सोबत येणार असेल तरच येते असं म्हणून ती तान्ह्या बाळासह निघाली. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर आजारपणात गेला. डोरोथीचं मन त्यानंतर सावरलं नाही. १८०७ साली तिचा मृत्यू झाला तोपर्यंतची बरीच वर्षं तिची मानसिक आजारातच गेली. तुमचा प्रवास दोन आठवड्यांचा आहे, त्याची याच्याशी बरोबरी नाही. तरी घाईघाईत मिळवलेला होकार आणि मनापासून दिलेला होकार यांतला फरक दोन आठवड्यांतही जाणवतो. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतल्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीनं उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि मग बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना सेवेला पाठवलं. म्हणजे जाणारा आपल्या मनानं उठून गेला नाही, त्याला पाठवलं गेलं. तुमच्या बाबतीत ती पाठवणी दोन ठिकाणांहून व्हायला हवी, मंडळीतून आणि घरातून.

समजा होकार मिळाला. आता तारखांचं बघू. चार महिने पुष्कळ वाटतात, पण काही कामांना स्वतःची मुदत असते आणि ती आपल्या सोयीनं हलत नाही.

पासपोर्ट कपाटातून काढून त्यावरची तारीख बघा. बऱ्याच देशांना तुम्ही तिथे पोचाल त्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्ट वैध लागतो. तारीख उलटलेली नसली तरी एवढी मुदत शिल्लक नसेल तर विमानतळावरच अडवतात. कोरी पानंही बघा, दोन तरी हवीत. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्टवर जुनं असेल, तर तिकीट पासपोर्टवरच्याच नावानं काढायला सांगा. टीमचं तिकीट एकत्र काढताना हा घोळ हमखास होतो, कारण यादी बनवणाऱ्याला तुमचं घरचं नाव माहीत असतं.

व्हिसाच्या अर्जावर प्रवासाचं कारण खरं लिहा. "सगळे पर्यटक म्हणूनच जातात" असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. ऐकू नका. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे आहेत आणि काही ठिकाणी ते फार कडक आहेत. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, शिवाय परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात. रशियात २०१६ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत परवानगीपत्राशिवाय धर्मप्रसार केला तर दंड होतो आणि परदेशी माणसाची देशाबाहेर हकालपट्टीही होऊ शकते. यात केवळ तुम्ही अडकत नाही. तुम्ही विमानानं परत येता आणि चौकशीला तोंड द्यायला तिथली मंडळी मागे राहते. म्हणून टीमच्या प्रमुखांना आत्ताच विचारा, आपण कोणत्या व्हिसावर जातो आहोत आणि त्या व्हिसावर आपण ठरवलेलं काम चालतं का. उत्तर मोघम आलं तर पुन्हा विचारा. घरी दोन मुलं असलेल्या आईला हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे.

लसींचं काम सगळ्यात आधी सुरू करायचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आहे. निघायच्या चार ते सहा आठवडे आधी तरी प्रवासी आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटायला हवं, आणि तुम्हाला इतकी व्यवधानं असताना मी आठ आठवडे आधी जा म्हणेन. कुठे जायचं आहे त्यावर लसी ठरतात. पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या देशांत त्या लसीचं प्रमाणपत्र लागू शकतं. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं, आणि २०१६ च्या जुलैपासून ते आयुष्यभर चालतं, पूर्वीसारखं दहा वर्षांनी पुन्हा घ्यावं लागत नाही. तुम्ही अंगावर पाजत असाल किंवा दिवस गेले असतील तर ही लस देण्याआधी डॉक्टर वेगळा विचार करतात, त्यामुळे हे न विचारता सांगा. हिपॅटायटिस ए ची पहिली मात्रा प्रवासापुरती पुरते, दुसरी सहा ते बारा महिन्यांनी घ्यायची असते. ती आल्यावर विसरली जाते, म्हणून आत्ताच कॅलेंडरमध्ये घाला. टायफॉइडचं इंजेक्शन प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी हवं. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि लसी घेण्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठं काम किंवा घरात कार्यक्रम ठेवू नका. हात दुखतो, अंगात कणकण येते.

मलेरियाच्या गोळ्यांचं वेळापत्रक नीट समजून घ्या. काही गोळ्या निघायच्या एकदोन दिवस आधी सुरू होतात आणि परत आल्यावर सात दिवस चालू ठेवायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विन दोन आठवडे तरी आधी सुरू करतात. परत आलं की घर, ऑफिस, मुलांची शाळा असं सगळं अंगावर येतं आणि उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात. संसारी माणसांत हे मी सर्वांत जास्त पाहिलं आहे. या गोळ्यांची आठवण करून देण्याचं काम तुमच्या नऊ वर्षांच्या लेकीला द्या. ती चोख करेल.

आता घराकडे वळते. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

एक वही घ्या. मोबाईलमध्ये नको, कागदाची वही, जी सगळ्यांना दिसेल अशा जागी राहील. तुम्ही दिवसभर काय काय करता ते एक आठवडा जसं घडेल तसं तिच्यात लिहीत जा. आठवून लिहायला बसलात तर निम्मं सुटेल, कारण बाईच्या हातून होणाऱ्या कामांपैकी कितीतरी कामं तिला स्वतःलाही काम वाटत नाहीत. मुलाला सकाळी उठवताना आधी पाय चोळले तर तो रडत नाही. मुलीला खेळाच्या तासाचा गणवेश कोणत्या वारी लागतो. सासूबाईंची सकाळची गोळी जेवणाआधीची आणि रात्रीची जेवणानंतरची, आणि पाकीट सारख्याच रंगाचं असल्यानं गल्लत होते. गॅस कधी संपतो, पाण्याचं बिल कोणाच्या मोबाईलवर येतं, शाळेच्या ग्रुपवरचा निरोप कोण वाचतं. हे सगळं त्या वहीत यायला हवं. आठवड्यानंतर ती वही घेऊन दोघं बसा. यातलं काय यजमान करतील, काय शेजारणीला किंवा नातेवाइकांना सांगायचं, काय मंडळीतल्या भगिनी उचलतील, आणि काय त्या दोन आठवड्यांत झालंच नाही तरी चालेल, अशी वाटणी करा. तो चौथा गट मोठा ठेवा. दोन आठवडे इस्त्री नाही झाली तर काही बिघडत नाही.

मदत मागताना मोघम मागू नका. "मी नसताना जरा लक्ष ठेवा हं" म्हटलं की सगळे "हो, काळजी करू नका" म्हणतात आणि कोणीच येत नाही, कारण कधी आणि कशासाठी यायचं हे कोणाला कळलेलं नसतं. "मंगळवारी आणि गुरुवारी साडेतीन वाजता धाकट्याला शाळेतून आणाल का?" असं विचारा. असं विचारल्यावर नाही म्हणणारी माणसं फार थोडी भेटतात. शाळेला लेखी कळवा की मुलांना कोण न्यायला येईल. मुलांच्या आजारपणात वडील कामावर असताना आजीनं किंवा आणखी कोणी निर्णय घ्यायचा असेल तर तसं सहीचं पत्र करून ठेवा, त्यात मुलांची ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर लिहा.

आणि मग रंगीत तालीम करा. निघायच्या साधारण महिनाभर आधी एक शनिवार-रविवार घराबाहेर राहा. मंडळीचं शिबिर असेल तर उत्तम, नाहीतर बहिणीकडे जा. फोन ठेवा, पण तुम्ही होऊन करू नका. आमच्या एका टीममधल्या आईनं असं केलं तेव्हा घरातून रात्री नऊला फोन आला. धाकटी झोपत नव्हती, कारण ज्या दुपट्याशिवाय ती झोपत नसे ते आईनं धुवायला टाकलेलं होतं, आणि आईच्या वहीत दुपट्याचा उल्लेखच नव्हता. ते घरापासून तासाभराच्या अंतरावर असताना कळलं हे किती बरं झालं. रविवारी संध्याकाळी त्या घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तीन गोष्टी अडल्या, त्या लिहून घे." त्या तीन गोष्टींमुळे पुढचे दोन आठवडे सुरळीत गेले. तालमीनंतर घर आवरलेलं नसेल. त्यावर एक शब्दही बोलू नका. तुम्ही आल्या आल्या चादरी नीट करायला लागलात तर तुमच्या पद्धतीनं झालं तरच ते झालं असं यजमानांच्या मनात बसेल, आणि मग तिकडे असताना बारीकसारीक गोष्टींना तुम्हाला फोन येत राहील.

मुलांना कधी आणि कसं सांगायचं? थोरलीला लगेच सांगा आणि कामात घ्या. नकाशावर देश शोधू द्या, टीममधल्या माणसांची नावं प्रार्थनेसाठी लिहू द्या, तिथल्या संडे स्कूलच्या मुलांसाठी तिनं काही तयार केलं तर बरोबर न्या. धाकट्याला मात्र दोन महिने आधी सांगून उपयोग नाही. चार वर्षांच्या मुलाला "दोन महिन्यांनी" म्हणजे काय ते समजत नाही, त्याला एवढंच कळतं की आई जाणार, आणि तो तेव्हापासूनच चिकटायला लागतो. त्याला आठ-दहा दिवस आधी सांगा, आणि सांगताना आई कुठे जाणार यापेक्षा त्याच्याजवळ कोण असणार हे जास्त सांगा. सकाळी बाबा उठवणार, शाळेतून अमुक मावशी आणणार, रात्री आजी गोष्ट सांगणार. निघताना तो झोपलेला असताना गुपचूप जाऊ नका. रडला तर रडू दे, पण आई सांगून जाते आणि सांगितल्याप्रमाणे परत येते हे त्याला कळू दे.

तिकडून फोन करण्याबद्दलही आत्ताच ठरवा. रोज रात्री झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल करायचा मोह होतो. लहान मुलांना तो बहुधा सोसत नाही. आई दिसते पण कुशीत घेता येत नाही, मग फोन बंद झाल्यावर तासभर रडणं. सकाळी किंवा शाळेतून आल्यावर थोडक्यात बोलणं जास्त बरं. झोपायच्या वेळेसाठी निघायच्या आधीच तुमच्या आवाजात गोष्टी आणि रात्रीची प्रार्थना रेकॉर्ड करून ठेवा. नेटवर्क नसेल, वेळेत बराच फरक असेल, हेही घरी सांगून ठेवा, म्हणजे एक दिवस फोन आला नाही तर घरच्यांचा जीव टांगणीला लागणार नाही. आणि खरीच तातडी आली तर कोणाला गाठायचं ते नक्की करा: टीमचा प्रमुख, तिकडच्या मंडळीतलं एक माणूस, इकडे पाळक साहेब. तीन नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवेत.

पैशांचं बोलायला आपण संकोचतो, त्यामुळे तेही उघड बोलते. खर्चाची यादी करताना तिकीट, व्हिसा, लसी, विमा आणि तिकडचं राहणं-खाणं इतकंच धरतात. तुमच्या घराची यादी याहून लांब आहे: बिनपगारी रजा पडली तर तो पगार, मुलांना सांभाळणाऱ्या बाईंचे जादा तास, यजमानांना कामावरून लवकर निघावं लागलं तर त्याचा फटका. हे सगळं त्यात धरा आणि वर थोडी शिल्लक ठेवा. कर्ज काढून जाऊ नका, मुलांच्या फीच्या पैशांना हात लावू नका. मंडळीकडून आणि आप्तांकडून मदत मागायची असेल तर एक साधं पत्र लिहा: कुठे, कधी, कोणासोबत, काय करायला, किती खर्च, आणि पैसे कोणाकडे द्यायचे. पैसे मंडळीच्या खात्यात जाऊ देत, तुमच्या नाही. पौलासारख्या माणसानंसुद्धा यरुशलेमच्या दानाची रक्कम एकट्यानं हाताळली नाही, कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसं घेतली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात ते आहे. जे पैसे देऊ शकत नाहीत त्यांना प्रार्थनेसाठी किंवा घरच्या मदतीसाठी एक दिवस द्यायला सांगा. तुमच्या घरी त्या दिवसाची किंमत पैशांपेक्षा जास्त आहे.

विमा घेताना त्यात आजारी माणसाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च आहे ना, आणि आधीपासूनचे आजार धरले आहेत ना, हे दोन मुद्दे वाचा. बाकीची कलमं टीमप्रमुख बघतील.

आता कामाबद्दल. तिकडे जाऊन आपण काय करणार हे इकडे बसून ठरवू नका, ते तिकडच्या मंडळीला विचारा. पत्र लिहून विचारा की तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवं आहे आणि काय नको आहे. पाहुणचार करणारी मंडळी बहुधा भिडस्त असते, पाहुण्यांनी सुचवलेल्या प्रत्येक गोष्टीला होकार देते. म्हणून "काय नको" हेही विचारावं लागतं. जे काम तिथला गवंडी, सुतार किंवा शिक्षक करू शकतो आणि ज्यावर त्याची चूल पेटते, ते आपण हौसेनं फुकट करून त्याचा रोजगार घेऊ नये. तुम्ही नर्स असाल तरी तिथल्या परवान्याशिवाय इंजेक्शनला हात लावू नका. भेटवस्तू, कपडे, पैसे स्वतःच्या हातानं वाटू नका, तिथल्या मंडळीच्या हाती द्या. कोणाला खरी गरज आहे हे त्यांना माहीत असतं आणि आपण गेल्यावर गावात तोंड त्यांना दाखवायचं असतं.

तुम्ही आई आहात, त्यामुळे मुलांच्या कार्यक्रमाची जबाबदारी तुमच्याकडे येईल असं मी धरून चालते. तिथे काही नियम न वाकवता पाळायचे. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, नेहमी दोन मोठी माणसं. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाही, आणि परवानगी असली तरी मुलाचं नाव आणि गाव लिहून सोशल मीडियावर टाकायचा नाही. तुमच्या मुलाचा फोटो एखाद्या अनोळखी पाहुण्यानं "बिचारा" म्हणून टाकला तर तुम्हाला कसं वाटेल तेवढा विचार पुरे. कार्यक्रमात अनाथालयाची भेट असेल तर टीममध्ये तो विषय काढा. अनाथालयांत ठेवलेल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुणे व देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं भरती करण्याचे प्रकार घडलेले आहेत. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालय-पर्यटन आणि तिथली स्वयंसेवा यांतून होणारा अपाय रोखायला सांगितलं आहे. शिवाय दोन दिवस लळा लावून निघून जाणाऱ्या माणसांची रांग मुलांच्या मनाला बरी नव्हे. त्यापेक्षा कुटुंबांना मूल घरातच सांभाळता यावं म्हणून तिथली मंडळी काही करत असेल तर तिला हातभार लावा.

वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न उरला. नवीन वेळ निघणार नाही, आहे त्यातलं काही बाजूला ठेवावं लागेल. या चार महिन्यांत मंडळीतली तुमची दुसरी एखादी जबाबदारी, गायनमंडळ असेल, भगिनी मंडळाचा हिशेब असेल, दुसऱ्याला द्या. पाळक साहेबांना सरळ सांगा. टीमच्या बैठका चुकवू नका, पण प्रत्येक बैठक तुमच्या घरापासून लांब आणि रात्री असेल तर एखादी तुमच्याच घरी ठेवा. टीममधली माणसं मुलांच्या आणि सासूबाईंच्या ओळखीची झाली की आई कोणाबरोबर जाते आहे हे त्यांना समजतं. तुमची साक्ष तीन मिनिटांत, दुभाष्यासाठी प्रत्येक वाक्यानंतर थांबून सांगायचा सराव करा. लांब वाक्यं आणि आपल्या मंडळीतलेच वाक्प्रचार दुभाष्याला जड जातात. सराव स्वयंपाक करताना होतो. ऐकायला थोरली आहेच. रोजच्या प्रार्थनेत निघायच्या आदल्या दिवसापर्यंत तिकडच्या मंडळीचं नाव सगळ्या घरानं मिळून घ्या.

सामान शेवटच्या आठवड्यात होतं. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. साधं खोकल्याचं औषधसुद्धा तपासून न्या: कोडीन असलेली औषधं संयुक्त अरब अमिरातीत निर्बंधाखाली येतात आणि जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण जास्त असलेली औषधं नेता येत नाहीत. विमान तिथे फक्त बदलायचं असलं तरी चौकशी करा. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती हातातच लागते. पासपोर्ट, व्हिसा, विमा, लसीचं प्रमाणपत्र यांच्या प्रती एक संच घरी आणि एक टीममधल्या दुसऱ्या माणसाकडे.

शेवटचं, ऐनवेळी रद्द करावं लागलं तर. सासूबाईंची तब्येत आदल्या आठवड्यात बिघडू शकते, मुलाला गोवर-कांजिण्या येऊ शकतात. माघार घ्यायची वेळ कशी ओळखायची हे यजमानांशी आत्ताच, शांत डोक्यानं ठरवा, आणि तिकिटाचे किती पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात ते टीमप्रमुखांना विचारून ठेवा. थांबावं लागलं तर तुमच्या वाटणीचं काम कोण करेल, हेही टीममध्ये बोलून ठेवा.

परत आल्यावर दोन दिवस रजा राखून ठेवा, निघताना नाही घेतली तरी चालेल. आल्या आल्या तिकडच्या गोष्टी सांगत बसू नका, आधी घरच्यांचं ऐका. त्या दोन आठवड्यांत इकडेही बरंच घडलेलं असतं. पौल आणि बर्णबा परतले तेव्हा त्यांनी मंडळीला जमवून सगळं सांगितलं आणि शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. तुमच्या मंडळीत अहवालाचा रविवार ठरेल तेव्हा यजमानांना आणि सासूबाईंनाही दोन शब्द बोलायला पुढे बोलवा, कारण पाठवणारे तेही होते. आणि परतल्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला तर "बाहेरचं काही खाल्लं असेल" म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कोणत्या देशातून, कोणत्या महिन्यात आलात ते पहिल्याच वाक्यात सांगा. गोळ्या नियमानं घेतल्या असल्या तरीही मलेरिया होऊ शकतो, आणि डॉक्टरांना प्रवास माहीत नसेल तर ती तपासणी सुचायला उशीर होतो. यजमानांनाही हे सांगून ठेवा, तापात तुम्हाला स्वतःला सांगायचं सुचेलच असं नाही.